बिभीषण रावणाचा भाऊ होता

आजचं चिंतन युद्धकांडातलं.

बिभीषण शरण आला तेव्हा सुग्रीव म्हणाला, हा राक्षस, शत्रूचा सख्खा भाऊ, याला पकडा. युद्ध तोंडावर होतं. त्याची भीती काही खोटी नव्हती. पण हनुमंताने कूळ नाही, वागणं-बोलणं पाहिलं. रामाने अभय दिलं.

१९६२ च्या चीन युद्धात आपण उलट केलं. चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबलं. लहान मुलांसकट. खटला न चालवता.

"ते सरकारने केलं" म्हणून सुटका नाही. १ जुलै २०१८ ला आपल्या धुळे जिल्ह्यात, राईनपाड्यात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. तसले मेसेज तेव्हा जळगावात माझ्याही फोनवर येत होते. एक मी पुढे पाठवला होता. 'काळजी' म्हणून. आजही ते बोचतं.

सावध राहणं हा धर्मच आहे. चौकशी जरूर व्हावी; पण माणसाने काय केलं याची, तो कुणाच्या घरी जन्मला याची नाही.

आज असा एखादा फॉरवर्ड आला, तर आधी थांबा. रामाचं नाव घ्या. मग बोट उचला.

राम कृष्ण हरी!