विहिरीतला चौथा हात

आमोण्याचं ग्रामदैवत वेताळ. डिचोली तालुक्यातलं हे मांडवीकाठचं गाव. बाहेरच्यांना ते कच्च्या लोखंडाच्या कारखान्यामुळे आणि खनिजाच्या बार्जींमुळे माहीत असतं, गावकऱ्यांना मात्र देवामुळे. वेताळ रात्रीचा गावाची राखण करतो, ही गोव्यातली जुनी श्रद्धा. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत वेतोबाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण राखणीच्या फेऱ्यांत त्या झिजतात. आपल्याकडचा वेताळ असा पायी हिंडणारा, जबाबदारी घेणारा देव आहे. त्याला गाऱ्हाणं घालता येतं, मूलबाळ मागता येतं.

पुस्तकातला वेताळ वेगळा. स्मशानातल्या झाडाला लटकलेल्या प्रेतात तो शिरून बसतो, परक्या देहातून बोलतो आणि विक्रम राजाच्या खांद्यावरून जाता जाता त्याला कोड्यात टाकतो. १९८५ साली दूरदर्शनवर अरुण गोविल विक्रम झाले, तेव्हा मुलांना राजाची तलवार आवडली. खरं सामर्थ्य तलवारीत नव्हतं. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर, अशी वेताळाची अट. हातातलं काम निसटणार हे माहीत असूनही विक्रम दर वेळी बोलतो. न्याय सांगण्याची किंमत मोजणारा राजा म्हणून तो अद्भुत.

वेताळपंचविशीतली एक गोष्ट ‘चांदोबा’च्या वयाची नाही. सोमदेवाने ती अकराव्या शतकात कथासरित्सागरात सांगितली आहे. एक व्यापारी मरतो, भाऊबंद मालमत्ता बळकावतात, विधवा आपल्या धनवती नावाच्या मुलीला घेऊन रात्रीची पळते. अंधारात त्या दोघी सुळावर चढवलेल्या एका चोराला धडकतात. चोराचा जीव जात नाही, कारण त्याला मुलगा नाही, पिंड कोण देणार? तो सौदा करतो. वडाखाली पुरलेल्या हजार मोहरा तुमच्या, मुलीचं लग्न माझ्याशी लावा, पुढे तिला माझ्या संमतीने दुसऱ्या कुणापासून मुलगा झाला तरी तो माझा. लग्न होतं, चोर मरतो. पुढे दुसऱ्या नगरात धनवतीचं मन एका ब्राह्मण तरुणावर बसतं. त्या तरुणाला एका गणिकेसाठी पाचशे दीनार हवे असतात. आई ते देते, तो एक रात्र राहतो आणि जातो. मुलगा होतो. स्वप्नात शंकराची आज्ञा होते, त्याप्रमाणे बाळाला हजार मोहरांसह निपुत्रिक राजाच्या दारात ठेवलं जातं. राजा त्याला वाढवतो, गादीवर बसवतो. मोठेपणी हा मुलगा पित्याचं श्राद्ध करायला गयेला जातो, विहिरीत पिंड टाकायला वाकतो, तर पाण्यातून तीन हात वर येतात. चोराचा, ब्राह्मणाचा आणि राजाचा.

पिंड कुणाच्या हातावर ठेवायचा?

विक्रमाचा निकाल ताडकन येतो. ब्राह्मणाने पैसे घेऊन बीज विकलं, त्याचा हक्क संपला. राजाला सांभाळण्याबद्दल सोनं मिळालं, त्याचाही संपला. उरला चोर. मूल व्हावं हा इरादा त्याचा, त्यासाठी धन त्याचं, लग्न त्याचं. पिंड त्याचा.

१९९३ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे सरोगसीचा एक खटला आला. बीज एकीचं, गर्भ नऊ महिने वाढवला दुसरीने, दोघीही स्वतःला आई म्हणत होत्या. न्यायालयाने निकाल दिला तो असा : मूल जन्माला घालून आपलं म्हणून वाढवायचं हा इरादा जिचा, ती आई. विक्रमाची आणि या न्यायाधीशांची गाठ पडली असती तर दोघांनी एकमेकांच्या निकालपत्रावर सही केली असती. सरोगसीचा जगभरचा व्यवहार याच तर्कावर उभा राहिला.

आपल्याकडे हा व्यवहार फोफावला तो या शतकाच्या पहिल्या पंधरा वर्षांत. गुजरातमधल्या आणंदला सरोगेट बायकांना बाळंत होईपर्यंत एकत्र ठेवण्याची घरं होती. मुंबईतही दवाखाने होते. अमेरिकेतल्या खर्चाचा काही अंश देऊन परदेशी जोडपी बाळ घेऊन जात. २००८ मध्ये आणंदला जन्मलेल्या एका मुलीचे जपानी आईवडील तिच्या जन्माआधीच विभक्त झाले आणि बाळ कोणत्या देशाचं हा पेच पडला; ताब्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१२ मध्ये व्हिसाचे नियम कडक झाल्यावर अनेक परदेशी गिऱ्हाइकं नेपाळकडे वळली. गर्भ वाढवायला तिथे नेलेल्या बायकांतही भारतीय होत्या. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर इस्राएलने आपल्या नागरिकांची तान्ही बाळं विमानातून नेली. ज्यांनी ती जन्माला घातली त्यांच्यासाठी त्या विमानात जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. करारात त्यांचं काम संपलं होतं.

मराठीत या विषयावर सिनेमा आला तो समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय!’. त्या स्वतः वकील. चित्रपटाला २०१० चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे हिंदीत त्याचाच ‘मिमी’ झाला. गोरी बाई विदर्भातल्या यशोदेची कूस भाड्याने घेते, गर्भात दोष आहे असं कळल्यावर निघून जाते. यशोदा मूल जन्माला घालते, वाढवते. गोऱ्या कातडीचा माधव वऱ्हाडी बोलत गावात खेळतो, आणि मग त्याची ‘आई’ परत येते. २०१४ मध्ये थायलंडमध्ये ऑस्ट्रेलियन जोडप्याने जुळ्यांपैकी डाउन सिंड्रोम असलेलं बाळ सरोगेट आईपाशीच राहू दिल्याची बातमी जगभर गाजली, तेव्हा मराठी प्रेक्षकाला ती ओळखीची वाटली असेल. आपल्या सिनेमाला सहसा असं आगाऊ काही दिसत नाही, म्हणून हे नोंदवून ठेवतो.

नोव्हेंबर २०१५ मध्ये भारताने परदेशी जोडप्यांसाठीची सरोगसी बंद केली. मग २०२१ चा कायदा आला, २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. सरोगसीचा धंदा चालवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. सरोगेट बाई २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी. आयुष्यात एकदाच. तिचं स्वतःचं बीज वापरायचं नाही. मोबदला नाही, औषधोपचाराचा खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा तेवढा. बाळात व्यंग निघालं, मुलगी झाली, जुळं झालं, तरी इच्छुक आईबापांना ते टाकता येणार नाही. यशोदेच्या गोष्टीनंतर हे कलम हवंच होतं. आणि बाळ कायद्याने त्या आईबापांचं औरस मानलं जाईल. गोव्यात याचा अर्थ फार ठोस आहे. इथल्या नागरी कायद्यानुसार आईबापांना मालमत्तेतला मुलांच्या वाट्याचा अर्धा हिस्सा मृत्युपत्राने काढून घेता येत नाही, तो हिस्सा या बाळालाही मिळणार. बाळाची बाजू कायद्याने नीट बांधली आहे, हे मान्य करायला हवं.

आता धनवतीकडे या. तीन हातांच्या त्या विहिरीत ती कुठे आहे? राजाच्या दारात पाळणा ठेवला गेला आणि ती गोष्टीतून निघून गेली. वेताळ तिच्याबद्दल विचारत नाही, विक्रमही तिचं नाव काढत नाही. कुणी म्हणेल, श्राद्ध पित्याचं होतं, बाईचा हात येईल कसा? पण गोष्ट गयेची आहे. गयेला मातृषोडशी नावाचा विधी आहे. त्यात आईसाठी सोळा पिंड देतात, आणि मूल पोटात असताना तिने काय काय सोसलं याची आठवण काढत एकेक पिंड ठेवतात. गर्भ वाहण्याचा हिशेब ज्या गावात इतक्या बारकाईने मांडला जातो, त्याच गावातल्या गोष्टीत गर्भ वाहणारीचा हात वर येत नाही.

विक्रमाचं सूत्र सरळ होतं : ज्याने पैसे घेतले त्याचा हक्क गेला. बाजाराच्या काळात सरोगेट बाईला हेच ऐकवलं जाई. तुला पैसे मिळाले, आता बाळाकडे बघू नकोस. ते कठोर होतं, पण त्यात एक हिशेब तरी होता. नव्या कायद्याने पैसे काढून घेतले. मग त्याच सूत्राने तिचा हक्क परत यायला हवा होता. पैसे न घेता नऊ महिने दिले, म्हणजे चौघांत सगळ्यात स्वच्छ हात तिचा. हक्क मात्र परत आला नाही. गर्भ रुजवण्याच्या आधीच्या क्षणापर्यंत तिला माघार घेता येते. त्यानंतर मूल कुणाचं या प्रश्नात तिला जागा नाही. पैशामुळे जे गेलं असं आपण समजत होतो, ते पैसा गेल्यावरही मिळालेलं नाही. याचा अर्थ ते पैशामुळे गेलंच नव्हतं.

मला बाजार परत नको आहे. पासपोर्टांच्या भानगडीत दोन देशांच्या मध्ये लोंबकळणारी बाळं पाहिल्यावर परदेशी व्यवहार बंद केला हे योग्यच वाटतं. पण विनामोबदला हा शब्द ऐकून हात जोडणाऱ्यांनी जरा आपल्याच घरांत डोकावावं. परक्या जोडप्यासाठी कोण फुकट गरोदर राहणार? विचारणा होते ती धाकट्या जावेला, विधवा बहिणीला, माहेरी आधार नसलेल्या भावजयीला. दवाखान्यात ती संमतीच्या कागदावर सही करते, तिच्या भाषेत सगळं समजावूनही सांगितलेलं असतं. सासूबाई बाहेर बाकावर बसलेल्या असतात. आणंदच्या बाईला निदान नाही म्हणून दुसऱ्या गावी जाता येत होतं. जावेला त्याच स्वयंपाकघरात परत यायचं असतं, आणि पुढची कित्येक वर्षं तेच मूल आपल्याला काकी म्हणताना ऐकायचं असतं. काही बायका हे मोठ्या मनाने, मनापासून करतात. त्यांचं मोठेपण कमी करायचं नाही. फक्त मोठेपण आणि नाइलाज कागदावर एकाच सहीने उमटतात.

दवाखान्यांच्या माहितीपत्रकांत रोहिणीचा दाखला हमखास असतो : योगमायेने देवकीचा गर्भ रोहिणीच्या उदरात नेला, म्हणजे सरोगसी आपली प्राचीनच. योगमायेने रोहिणीची संमती घेतली होती का, हे पत्रक सांगत नाही. शिवाय बलराम रोहिणीपाशीच वाढला, रोहिणीचा म्हणूनच ओळखला गेला. या दाखल्याने पत्रक छापणाऱ्याच्या विरुद्धच निकाल लागतो.

ब्रिटनमध्ये १९८५ पासून पैसे घेऊन सरोगसीची मध्यस्थी करायला बंदी आहे, आपल्याइतकीच नैतिक काळजी तिथेही आहे. पण तिथे जन्माच्या क्षणी आई मानली जाते ती बाळंत झालेली बाई. आईपण दुसरीकडे देण्याला तिने दिलेली संमती बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत धरलीच जात नाही. २०२३ मध्ये तिथल्या विधी आयोगाने ही पद्धत बदलून इच्छुक जोडप्याला जन्मापासून पालक मानावं असं सुचवलं, पण तेव्हाही बाळंत झालेल्या बाईला सहा आठवडे हरकत घेण्याची मुभा ठेवली.

सहा आठवडे म्हणजे आपला सव्वा महिना, दोन-चार दिवस इकडेतिकडे. या काळात आपल्याकडे बाळंतिणीला उठू देत नाहीत. शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, तेल लावून अंघोळ. सरोगेट बाईला दूध येतंच, शरीराला करार कळत नाही. ३६ महिन्यांचा विमा प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतीचा खर्च देईल, तो दिलाच पाहिजे. पण तिचा सव्वा महिना कुठे जातो, तिला तेल कोण लावतं, बाळ तिला दिसतं का, तिला ते दिसायला हवं आहे का, हे विचारण्यासाठी आपल्या कायद्यात कुणीच नेमलेलं नाही.

माझं उत्तर विक्रमासारखं ताडकन येत नाही, तरी देतो. शेवटची सही सव्वा महिन्यानंतर व्हावी, घराबाहेरच्या कुणासमोर व्हावी, आणि तोपर्यंत तिला नाही म्हणता यावं. लगेच हरकत येईल, अशाने बाळाची ओढाताण होईल, जोडप्यांचा जीव टांगणीला लागेल, कुणी पुढे येणार नाही. टांगणीला लागेल हे खरं. नऊ महिने तिचाही लागलेला असतो. ब्रिटनमध्ये हा धोका पत्करून जोडपी पुढे येतात, आणि बहुतेक बायका सहा आठवड्यांनंतर स्वखुशीने सही करतात.