जखमा कोण धुणार?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १६:१९-४०; मत्तय २५:३६



पौल व सीला फिलिप्पैच्या बंदिशाळेत मध्यरात्री गीते गात होते, ही गोष्ट शब्बाथ शाळेतील लहान मुलेही सांगतात. भूमिकंप झाला, दरवाजे उघडले, बंदिशाळेच्या नायकाचे तारण झाले. येथे आपण बहुधा धडा संपवतो. लूक मात्र येथे थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काय घडले तेही तो लिहितो. आज आपण त्या सकाळचा विचार करू.

उजाडताच अधिकाऱ्यांनी चोपदारांकडून निरोप पाठवला की त्या माणसांना सोडून द्या. आपण पौलाच्या जागी असतो तर देवाचे उपकार मानून चालू लागलो असतो. पौल जागचा हलला नाही. चौकशी न करता आम्हांला सर्वांदेखत फटके मारले, आणि आता गुपचूप घालवून देता? ज्यांनी मारविले त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने कळवले.

क्षमेचा उपदेश करणारा पौल असा अडून का बसला? सूड घ्यावा म्हणून खास नव्हे. त्याने कोणाला शिक्षा करा असे म्हटले नाही. परंतु लुदियेच्या घरी नुकतीच जन्मलेली लहानशी मंडळी होती. आज हा अन्याय झाकला गेला तर उद्या याच फटक्यांखाली दुसरा कोणी येणार, हे त्याला दिसत होते. पाप क्षमा करता येते. पण ते झाकून ठेवणे म्हणजे क्षमा नव्हे.

आपल्याच देशातील एक प्रकरण आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. बिहारमध्ये गंगेच्या काठी भागलपूर हे शहर आहे. तेथे १९७९ आणि १९८० या सालांत पोलिसांनी कोठडीतील सुमारे तीस माणसांचे डोळे फोडले आणि त्यांत तेजाब ओतले. त्या तेजाबाला 'गंगाजल' म्हणत. ती माणसे बहुतेक गरीब होती आणि त्यांचे खटलेही अजून चालले नव्हते. १९८० च्या नोव्हेंबरात 'इंडियन एक्सप्रेस' या वृत्तपत्राने हे उघडकीस आणले. देश हादरला, संसदेत गदारोळ झाला आणि कपिला हिंगोरानी या वकील बाईंनी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे नेले.

न्यायालयापुढे जे आले ते आपण नीट ऐकावे. ही माणसे जखमी डोळ्यांनी दंडाधिकाऱ्यांपुढे उभी केली गेली होती. तरी हे कशाने झाले, असे त्यांना विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही. त्यांना वकील मिळाला नाही. कारण काय, तर त्यांनी मागितला नाही! न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की, वकील मिळण्याचा हक्क आहे हे आरोपीला कळवणे दंडाधिकाऱ्याचे काम आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. डोळे फोडणारे हात थोडे होते. पाहूनही न पाहणारे डोळे पुष्कळ होते.

आणखी एक गोष्ट घडली. काही पोलिसांना निलंबित केले तेव्हा भागलपुरात मोर्चे निघाले, ते पोलिसांच्या बाजूने. गुंडांच्या जाचाने लोक गांजले होते, हे खरे. कोर्टकचेऱ्यांत वर्षे जातात, हेही खरे. पण म्हणून गावाने तेजाबाला गंगाजल मानावे काय?

बंधूंनो, दोष केवळ भागलपूरला देऊन आपण सुटणार नाही. चोर पकडला गेल्याचे ऐकून "चांगला सडकून काढला पाहिजे" असे आपणही म्हणतो, आणि तेही कधीकधी उपासनेहून घरी परतताना! आपण कोणाच्या नावाने ओळखले जातो याचा त्या वेळी विसर पडतो. आपला प्रभु एक रात्र कोठडीतला मनुष्य होता. शिपायांनी त्याचे डोळे बांधून त्याला मारले. महायाजकापुढे एकाने चपराक मारली तेव्हा त्याने शांतपणे विचारले की माझे बोलणे चुकले असेल तर सिद्ध कर, नसेल तर मारतोस का? या प्रश्नाला त्या शिपायाजवळ उत्तर नव्हते. आजही कोणाजवळ नाही.

फिलिप्पैचे अधिकारी भ्याले, असे लूक सांगतो. कशाला भ्याले? दोन माणसांच्या पाठी सोलल्या म्हणून नव्हे, तर ती माणसे रोमी नागरिक निघाली म्हणून. पौल रोमी नसता तर त्यांना गाढ झोप लागली असती. अन्याय उघडकीस आला की सत्ताधाऱ्यांची धावपळ होते, खुलासे निघतात, लहानांवर ठपका येतो. ही भीती खुर्चीची असते; तिला पश्चात्ताप म्हणता येत नाही. खरा पश्चात्ताप त्या रात्री एकाच माणसाने केला. ज्या हातांनी नायकाने खोडा अडकवला त्याच हातांनी त्याने जखमा धुतल्या. बाप्तिस्मा त्यानंतर झाला.

मग आपण काय करावे? आपल्या मंडळ्यांत पोलीस खात्यात नोकरी करणारे बांधव आहेत. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने शिपायांना शिपाईगिरी सोडा असे सांगितले नाही. कोणावर जुलूम करू नका, एवढेच सांगितले. या बांधवांसाठी आपण नाव घेऊन प्रार्थना करावी. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले: अटकेची नोंद साक्षीदाराच्या सहीने व्हावी, नातलगाला कळवावे, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. हे नियम तरुण संघाच्या सभेत वाचून दाखवावेत. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी फिलिप्पैचा धडा शेवटपर्यंत, सकाळपर्यंत शिकवावा. आणि तुरुंगभेटीचा विचार प्रत्येक मंडळीने करावा. २०२२ च्या अखेरीस आपल्या देशातील दर चार बंदिवानांपैकी सुमारे तीन जणांचा न्यायनिवाडा व्हायचा होता.

शेवटच्या दिवशी प्रभु म्हणणार आहे की मी बंदिशाळेत होतो. तो बंदिवान निर्दोष असावा, अशी अट त्याने घातलेली नाही. तो कोण होता, त्याने काय केले होते, हे प्रभु आपल्याला विचारणार नाही. तुम्ही आलात काय, एवढेच विचारील.

हे प्रभु, ज्यांच्यासाठी कोणी विचारत नाही त्यांच्यासाठी विचारण्याचे धैर्य आम्हांला दे, आणि आमचे डोळे उघडे ठेव. आमेन.