विक्रमाचे ऋण

वेग ही माणसाने कमावलेली वस्तू आहे, की त्याला लाभलेली देणगी? प्रश्न वरकरणी तात्त्विक वाटतो. परंतु त्याच्याशी व्यवहारातला दुसरा प्रश्न निगडित आहे. वेगाने धावणाऱ्याला समाज काय देणे लागतो, आणि मागे राहणाऱ्याला काय?

वांद्र्याच्या मेरी डिसोझा यांचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. मोठ्या कुटुंबात वाढलेली ही मुलगी हॉकीतही निपुण होती. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा त्यांनी २०० मीटर धावण्यात कांस्यपदक आणि ४ × १०० मीटर रिले शर्यतीत संघासह रौप्यपदक मिळवले. १०० व २०० मीटरचे राष्ट्रीय विक्रम त्यांच्या नावावर होते. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. पण प्रवासखर्चाला सरकारकडे पुरेसा पैसा नव्हता. तेव्हा मित्रमंडळींनी नृत्याचे व पत्त्यांचे कार्यक्रम ठेवून निधी उभारण्यास हातभार लावला. नीलिमा घोष आणि मेरी डिसोझा या ऑलिंपिकमध्ये धावणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया ठरल्या. पदक मात्र मिळाले नाही. मेरींची धाव पहिल्या फेरीतच संपली.

मग तो पैसा वाया गेला काय? कोणी म्हणेल, १९५४ साली मनिला येथे स्टेफी डिसोझा, ख्रिस्तीन ब्राउन व व्हायोलेट पीटर्स यांच्यासह मेरींनी रिलेचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्याची भरपाई झाली. हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. त्यात माणसाकडे गुंतवणूक म्हणून पाहिले जाते. मनिलाचे पदक हुकले असते, तरी वांद्र्याच्या त्या मित्रांनी केले ते योग्यच ठरले असते. त्यांनी पदक विकत घेतले नव्हते; एका मुलीच्या अंगी असलेल्या देणगीला वाट करून दिली होती.

याविरुद्ध एक रास्त आक्षेप आहे. स्वातंत्र्याला तेव्हा पाच वर्षेही झाली नव्हती. भुकेल्या देशाने अन्न आधी पाहावे, की शर्यत? अन्नच आधी, यात शंका नाही. परंतु सरकारचा हात जेथे पोहोचत नाही, तेथे शेजाऱ्याचे कर्तव्य संपत नाही. उलट तेथूनच ते सुरू होते.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात पहाटे डांबरी रस्त्यांवर मुले-मुली धावताना दिसतात. त्यांच्यापुढे ऑलिंपिक नसते, पोलीस भरती असते: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० आणि दोघांनाही १०० मीटर. जागा मोजक्या असल्यामुळे भरतीच्या मैदानावर सेकंदांनी निवड व्हावी, यात अन्याय नाही. अन्याय होतो तो गावाने तेच घड्याळ घरी आणले म्हणजे. थोडक्यात हुकलेल्या मुलीला ‘वाया गेली’ म्हणणारे आपण, मैदानाने मोजलेला वेग आणि तिच्या जीवनाचे मोल यांची गल्लत करीत असतो.

संत पौलाने करिंथकरांना शर्यतीचा दाखला देताना धावतात सगळे, बक्षीस एकालाच, हे मान्य केले आहे. परंतु तो मुकुट कोमेजणारा आहे, हेही त्याने सांगितले आहे. शर्यतीचा नियम शर्यतीपुरता खरा.

याचा अर्थ धावणाऱ्याच्या कष्टाला किंमत नाही, असा नव्हे. पाय देवाने दिले, तरी पहाटे उठणे ज्याचे त्यालाच भाग असते. पण विक्रमात देणगी, कष्ट आणि इतरांचा आधार हे तिन्ही असतात, आणि आपल्या हाती यांतला तिसराच भाग आहे. मेरी डिसोझा यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ साली, हेलसिंकीनंतर एकसष्ट वर्षांनी. उशिरा झालेल्या सन्मानाचेही मोल आहे; तथापि ज्या घडीला तिकिटाचे पैसे कमी पडतात, त्या घडीला जो पुढे येतो, तोच हे ऋण खऱ्या अर्थाने फेडतो. आपल्या गावात ती घडी आज कोणावर आली आहे, याची चौकशी प्रत्येकाने करावी.