शिकाऊ हातांचे दायित्व

जे काम केवळ शिकण्यासाठी केलेले असते, त्यास नीतीची कसोटी कितपत लावावी? वास्तुविद्येच्या विद्यार्थ्याकडे पाहता हा प्रश्न आम्हांस विशेष विचारार्ह वाटतो. घर बांधावयास शिकणाऱ्या तरुणाच्या हाती प्रत्यक्ष घर कोणी देत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून तो आधी लहान वस्तू करतो. भिंतीवर प्रकाशाचे खेळ मांडतो, दिवा घडवितो, खुर्ची जोडतो. या वस्तूंबद्दल त्यास जाब विचारावा, की अभ्यास म्हटला म्हणजे सर्व माफ?

या संदर्भात जर्मनीतील बाउहाउस या शाळेचे उदाहरण उद्बोधक आहे. वॉल्टर ग्रोपियस यांनी ती १९१९ साली वायमार येथे स्थापिली. सर्व कलांची परिणती वास्तूत व्हावी, हे तिचे ध्येय. तथापि वास्तुरचनेचा स्वतंत्र विभाग तेथे निघाला तो १९२७ साली. तोवर विद्यार्थी निरनिराळ्या कार्यशाळांतच घडत होते.

१९२२ साली तेथे एका छायाखेळाची तयारी चालू असता, दिवा बदलताना पडद्यावरील सावली अकस्मात दुहेरी झाली. या योगायोगातून कुर्ट श्वेर्टफेगर आणि लुडविग हिर्शफेल्ड-माक या विद्यार्थ्यांनी हलत्या रंगीत प्रकाशाचे प्रयोग सिद्ध केले. त्यांनी कोणाचे घर उजळले नाही. तरी त्यांस व्यर्थ म्हणण्यास आमचे मन धजत नाही. प्रकाशास कोणाचा भार पेलावयाचा नसतो, म्हणून तेथे चुकण्यास मोकळीक असते. आणि जेथे ती नसेल तेथे विद्यार्थी नकलेपलीकडे जात नाही.

खुर्चीची गोष्ट निराळी. मार्सेल ब्रॉयर अठराव्या वर्षी, १९२० साली, या शाळेत आले. विद्यार्थिदशेत त्यांनी केलेल्या लाकडी पट्ट्यांच्या खुर्चीत बैठकीस व पाठीस ताणलेल्या कापडी पट्ट्यांचा आधार आहे. बसणाऱ्याच्या कण्यास लाकूड रुतू नये, ही त्यामागील काळजी. खुर्चीच्या रूपाची चर्चा पंडितांनी खुशाल करावी; तिचा खरा परीक्षक बसणारा असतो, आणि थकलेली पाठ कोणाची भीड धरीत नाही. हेच ब्रॉयर पुढे पॅरिसमधील युनेस्कोच्या, १९५८ साली खुल्या झालेल्या, वास्तूच्या तीन रचनाकारांपैकी एक झाले.

परंतु खरी अडचण दिव्याने उभी केली. विल्हेल्म वागेनफेल्ड आणि कार्ल याकोब युकर यांचा काच व धातूचा मेजावरील दिवा १९२४ च्या सुमाराचा. त्याचे रूप इतके साधे की, तो यंत्रातून हजारोंनी निघत असेल असे वाटावे. वस्तुतः तो हातांनी, सावकाश बनत असे, आणि म्हणून महाग पडे. लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत व्यापारी या मालास हसले, अशी आठवण स्वतः वागेनफेल्ड यांनीच सांगितली आहे. ते हसणे बोचरे खरे, पण अगदीच अन्यायाचे नव्हते. सर्वांसाठी असल्याचे जिचे रूप सांगते, ती वस्तू मूठभरांनाच परवडावी, यात हिशेबाच्या चुकीबरोबर सत्याचाही थोडा अपलाप होतो.

कोणी म्हणेल, हेतू शुद्ध होता, आणि करणारे तर विद्यार्थी! चूक क्षम्य आहे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु क्षमा मागावयाची तरी चूक ओळखावी लागते. आणि व्यापाऱ्यांचे हसणे न विसरता स्वतःच सांगणाऱ्या वागेनफेल्डांनी ती ओळखली होती, असे आम्ही समजतो.

आमचे मत थोडक्यात असे. विद्यार्थी जोवर आपल्या कुतूहलासाठी प्रकाशाशी खेळतो, तोवर त्यास कोणी अडवू नये. परंतु ज्या क्षणी तो 'हे लोकांसाठी आहे' असे म्हणतो, त्या क्षणी त्याची सवलत संपते. मग गुरूने रेखाटन बाजूस ठेवून त्यास एवढेच विचारावे: यावर कोण बसणार, याची किंमत कोण देणार, आणि त्या माणसास तू एकदा तरी भेटला आहेस काय?