गुण वस्तूचा कीं रचनेचा?

नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा रस्त्यालगत, विमानतळाला लागून मिहान नांवाचा विस्तीर्ण प्रकल्प आहे. तेथील टाटा समूहाच्या एका कारखान्यांत बोइंग ७८७ या विमानाच्या तुळया तयार झाल्या. प्रवाशांच्या पायांखालचा तळ ज्यांवर टेकतो त्या ह्या तुळया. त्या पोलादाच्या नाहींत, अल्युमिनियमच्याही नाहींत. कार्बनचे तंतु राळेंत बसवून त्या घडविलेल्या असतात. आतां कार्बन म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें कोळसा येतो. शहराच्या उत्तरेस कोराडीच्या वीजकेंद्रांत हाच कार्बन भट्टींत जळतो आणि वायुरूप होऊन आकाशांत जातो. दक्षिणेस तोच कार्बन माणसांचा भार पेलीत आकाशांत जाण्यासाठीं सज्ज होतो. मूलद्रव्य एकच. मग बळकटपणा हा गुण कोणाचा म्हणावयाचा?

हा प्रश्न रसायनशास्त्रांत जुना आहे. १७९७ सालीं स्मिथसन टेनंट या इंग्रज शास्त्रज्ञानें हिरा जाळून असें दाखविलें कीं, त्यापासून निघणारा वायु तितक्याच वजनाच्या कोळशापासून निघतो तोच व तितकाच असतो. (जडजवाहिरांच्या व्यापाऱ्यांस ही वार्ता फारशी रुचली नसावी!) हिरा आणि कोळसा यांचें द्रव्य एक, हें सिद्ध झालें; पण मग दोहोंत एवढें अंतर कां, याचा उलगडा होण्यास १९१३ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं ब्रॅग पितापुत्रांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें हिऱ्याची अंतर्रचना उघड केली. हिऱ्यांत प्रत्येक परमाणूनें चोहों दिशांस चार शेजारी सारखेच घट्ट धरलेले असतात. म्हणून तो इतका कठीण. पेन्सिलींतील ग्रॅफाइटमध्यें प्रत्येक परमाणु तिघांनाच धरतो आणि त्यांचे पातळ पदर बनतात. पदराच्या आंतील बंध हिऱ्यांतील बंधाहूनही आंखूड व बळकट. परंतु एका पदराचें दुसऱ्याशीं नातें इतकें सैल, कीं कागदावर हात फिरतांच पदर निसटतात, आणि त्यालाच आपण लिहिणें म्हणतों. विमानाच्या तुळईंतील तंतूंतही असेच पदर असतात. मात्र कृत्रिम धाग्यास ताण देऊन, हवा लागूं न देतां तापवून, ते धाग्याच्या लांबीच्या दिशेनें वळविलेले असतात. असा तंतु लांबीच्या दिशेनें असामान्य बळकट, आडव्या दिशेनें दुबळा; म्हणून त्याचे थर निरनिराळ्या दिशांनीं एकावर एक रचावे लागतात.

आमच्या वैशेषिकांनीं या प्रश्नाचा विचार वस्त्राच्या दृष्टांतानें केला आहे. तंतु हें पटाचें समवायि कारण, आणि तंतूंचा परस्परसंयोग हें असमवायि कारण. सर्व तंतु शाबूत असले तरी संयोग तुटला कीं पट नाहींसा होतो. यावरून कणादाच्या परंपरेस रासायनिक बंध ठाऊक होता असें म्हणण्याचा मोह कित्येकांस होतो. मला तें मान्य नाहीं. तें विवेचन प्रयोगाचें नव्हे, विचाराचें होतें. पण संयोग हें तंतूंहून वेगळें कारण आहे व त्याची गणनाही वेगळी केली पाहिजे, ही दृष्टि फार मोलाची. आणि नेमकी तीच आपण व्यवहारांत विसरतों.

मिहानची जमीनच पाहा. चार हजार हेक्टरांहून मोठा असा हा प्रकल्प. त्यासाठीं शिवणगांव, तेल्हारा, कलकुही, दहेगांव, खापरी अशा गांवांच्या जमिनी गेल्या. प्रकल्प सुरू झाला तेव्हां भूसंपादनाचा कायदा १८९४ सालचा होता. त्याच्या लेखीं जमीन म्हणजे बाजारभाव आणि घर म्हणजे किंमत. हिशेब चोख झाला असें क्षणभर मानलें—आणि मोबदल्याविषयींचे तंटे तर वर्षानुवर्षें चालले—तरी तो तंतूंचा हिशेब होय. ओळखीवर उधार देणारा वाणी, पेरणीला बैलजोडी देणारा शेजारी, आई शेतावर गेली असतां पोराला भाकरी वाढणारी म्हातारी, यांच्यासाठीं मोबदल्याच्या तक्त्यांत रकाना नसतो. हीं सारीं माणसें पुढेंही कोठें तरी असतातच. पण प्रत्येकाला स्वतंत्र भूखंड मिळाला म्हणजे गांव मिळालें असें होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, जुन्या गांवाची रचना म्हणजे कांहीं हिरा नव्हे. त्याच रचनेंत कित्येकांच्या वाट्याला वेशीबाहेरचें घर आणि वेगळें पाणी आलें होतें. आक्षेप खरा आहे, आणि नागपुरास तो दुसऱ्या कोणीं सांगावयास नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं याच शहरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्यासह लाखों लोक जुन्या बंधनांतून बाहेर पडले आणि त्यांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. माणसें तींच; परंतु पिढ्यान्‌पिढ्या जे त्यांच्या अंगचे दोष म्हणून सांगितले जात, ते त्यांचे नव्हते, त्यांना जखडणाऱ्या रचनेचे होते, हें ज्याला पाहावयाचें होतें त्याला दिसलें. तेव्हां बंध तोडणें हेंच पाप, असें माझें म्हणणें नाहीं. दीक्षाभूमीवर बंध तोडले ते त्यांत अडकलेल्यांनीं. मिहानच्या गांवांतले बंध तुटले ते बाहेरून. येथें रसायनशास्त्राचा दृष्टांतही लंगडा पडतो. कार्बनच्या परमाणूला आठवण नसते. तो हिऱ्यांतून सुटलेला असो वा कोळशांतून, नव्या रचनेंत सारखाच बसतो. माणूस मात्र मोडलेली रचना मनांत घेऊन नव्या जागीं जातो. म्हणून परमाणूस न विचारतां चालतें, माणसास विचारावें लागतें.

२०१३ च्या कायद्यानें हें कांहीं अंशीं ओळखलें. सामाजिक परिणामांच्या पाहणीची तरतूद त्यांत आली. खाजगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर शेंकडा ८० कुटुंबांची आणि सरकार व खाजगी कंपनी यांच्या भागीदारीसाठीं घ्यावयाची तर शेंकडा ७० कुटुंबांची पूर्वसंमति त्या कायद्यानें आवश्यक ठरविली. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पास ती लागत नाहीं. शिवाय जेथें लागते तेथेंही मोजली जाते ती ज्यांची जमीन वा घर जाणार त्यांची. ज्याची सारी मिळकत म्हणजे गांवांतले संबंध, तो भूमिहीन शेतमजूर पुनर्वसनाच्या यादींत येतो. संमतीच्या यादींत येत नाहीं.