पाच बंधनं आणि एक मोकळीक

१२ मे १९८४. जर्मनीत न्यूरबुर्गरिंगच्या नव्या ट्रॅकचं उद्घाटन होतं. नावाजलेल्या ड्रायव्हरांना एकसारखीच गाडी दिली होती, मर्सिडीज १९० ई २.३-१६. निकी लाउडाला मागे टाकून शर्यत जिंकली ती २४ वर्षांच्या आयर्टन सेनानं. त्या गाडीच्या मागच्या चाकांपाशी वाकून पाहिलं, तर एक जुना प्रश्न नव्यानं समोर येतो: बंधन आणि स्वातंत्र्य यांचं वैर असतं का?

अधांतरी वस्तूला हालचालीच्या सहा वाटा असतात. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली आणि या तिन्ही अक्षांभोवती फिरणं. १९८२ साली आलेल्या १९० मालिकेत मर्सिडीजनं मागचं प्रत्येक चाक पाच दांड्यांनी बांधलं. एक दांडा एक वाट अडवतो. पाच वाटा अडल्या, उरली ती वर-खाली जाण्याची. वळणावर ड्रायव्हर बिनधास्त राहतो, तो चाकाला या पाच वाटा बंद आहेत म्हणूनच.

तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटनं १७८१च्या आपल्या मुख्य ग्रंथात एका कबुतराची कल्पना केली आहे. हवेचा अडसर जाणवणाऱ्या त्या पाखराला वाटतं, हवाच नसती तर आपण आणखी सहज उडालो असतो. पण पंखांना आधार त्या हवेचाच असतो.

मग जितकं बंधन कडक, तितकं चांगलं? इथे गॅरेजमधला अनुभव उपयोगी पडतो. ट्रॅकसाठी गाडी खाली बसवली की मागची चाकं वरच्या बाजूनं आत झुकतात. ते सावरायला लांबी बदलता येणारे कॅम्बर आर्म लावतात. हौसेनं दांड्यांच्या टोकांचे मूळ रबरी बुश काढून पॉलियुरेथेनचे कडक बुशही बसवतात. पण या रचनेत चाक वर-खाली होताना दांडा थोडा पिळलाही जातो. रबर तो पीळ सोसतं, कडक बुश त्याला विरोध करतो आणि मोकळी ठेवायची एकमेव वाटच जड होते. बुशऐवजी लावलेले गोल सांधे दांड्याला वळू देतात, मात्र रस्त्याचा हादरा आणि आवाज थेट आत आणतात.

म्हणून जाणता मेकॅनिक स्प्रिंग बसवण्याआधी चाक हातानं वर-खाली करून पाहतो. कुठेही अडता कामा नये. रबरी बुश ठेवले असतील, तर त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळत नाही. तसे आवळले, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आधी चाक रोजच्या उंचीवर आणायचं, मग बोल्ट पक्के आवळायचे.

व्रत, नियम, शिस्त यांनाही हीच कसोटी लावायला हवी. बंधन किती कडक आहे, यापेक्षा ते जी वाट मोकळी राहायला हवी तीच अडवतं का, हे तपासावं. आणि ते माणसाच्या रोजच्या जगण्याच्या उंचीवर बांधलं आहे का, हेही.

पुण्यात १९९५ पासून जुळणी झालेल्या डब्ल्यू १२४ मर्सिडीजलाही मागे हीच पाच दांड्यांची रचना आहे. एखाद्या गॅरेजात ती रॅम्पवर दिसली, तर मेकॅनिकला विचारून खाली जावं आणि एका बाजूचे दांडे मोजून पाहावेत.