दादरा बांधलेली बरणी

आषाढ लागला की संपादकांची पत्रे येऊ लागतात. हल्ली ती टपालाने येत नाहीत, फोनवर येतात. पण मजकूर तोच. दिवाळी अंकासाठी आपली कथा श्रावण संपण्यापूर्वी हाती पडावी. मी दरवर्षी उत्साहाने होकार कळवतो आणि दरवर्षी गणपती विसर्जनाच्या सुमारास तोंड चुकवीत फिरतो. कोणी गाठलेच तर माझे एक ठरलेले उत्तर आहे : "कल्पना आहे हो, पण अजून मुरायची आहे."

हे उत्तर मोठे सोयीचे आहे. लोणचे घरोघरी असते, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते ताबडतोब पटते. शिवाय त्यात लेखकाचा आळस झाकला जाऊन वर थोडे गांभीर्यही पदरात पडते.

ते उत्तर अगदीच खोटे आहे असेही नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली, हे आपण कौतुकाने सांगतो. पण त्यांची आई वारली १९१७ साली. मधल्या सोळा वर्षांत गुरुजी शिकले, अमळनेरला शिक्षक झाले, वसतिगृहातील परक्या मुलांची आईच्या मायेने उठाठेव करू लागले, तुरुंगात गेले. आठवणी पहिल्या दिवसापासून होत्याच. परंतु सतरा वर्षांच्या पोरक्या मुलाने त्या लिहिल्या असत्या, तर मला वाटते, तो नुसता विलाप झाला असता. रात्री मुलांना जवळ बसवून आई सांगणारा श्याम त्या मुलापाशी नव्हता. तो पुढे वसतिगृहात घडला. तेव्हा पाच दिवस हा लेखणीचा हिशेब झाला. पुस्तकाचा हिशेब निराळा.

'गीतरामायणा'चेही तसेच. १९५५ च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक नवे गीत, अशी छप्पन्न गीते माडगूळकरांनी दिली. आठवड्याची मुदत ऐकून आम्हा सामान्यांची छाती दडपते. पण रामकथा काही त्या आठवड्यात कोणी त्यांच्या घरी आणून टाकली नव्हती. (ज्ञानेश्वरांचे उदाहरण मात्र कोणी या वादात आणू नये. शके १२१२ मध्ये त्यांचे वय, परंपरेने मानतात त्याप्रमाणे, जेमतेम पंधरा. तिथे आपली गणिते चालत नाहीत.) होरेस नावाच्या रोमन कवीने तर लिहिलेले नऊ वर्षे घरात ठेवावे असा सल्ला देऊन ठेवला आहे. हा सल्ला मी तरुणपणी वाचला आणि फार खूश झालो.

माझी आई लोणचे घालीत असे. बरणीच्या तोंडावर पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधला म्हणजे तिचे काम संपले, अशी माझी लहानपणीची समजूत होती. ते तसे नसे. पहिले काही दिवस ती रोज दादरा सोडी, हात कोरडे पुसून घेई, लाकडी चमच्याने फोडी खालवर करी आणि खार फोडींच्या वर आहे ना ते पाही. एका वर्षी ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि बरणीकडे कोणी पाहिले नाही. वरच्या फोडींवर बुरशी आली. बाहेरून बरणी तशीच दिसत होती, दादराही तसाच पांढरा होता.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला बसलो ते सांगतो.

माझी थोरली आत्या ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली आणि कोकणातल्या आमच्या घरात राबत राहिली. १९६१ साली आजोबा वारले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या हिश्श्यात मुलींनाही वाटा दिला होता. म्हणून तेराव्यानंतर हक्कसोडपत्राचा कागद तयार झाला. माझ्या वडिलांनी तो तिच्यापुढे ठेवला. तिने विचारले, "दादा, काय आहे यात?" वडील म्हणाले, "काही नाही गं, घरचंच आहे." तिने अंगठा उठवला. धाकट्या आत्याने सही केली.

पुढे चाळिशीला आल्यावर आत्या माझ्या बहिणीच्या पाटीवर अक्षरे गिरवू लागली. घरात सर्वांना वाटले, तिला पोथी वाचायची आहे. तिला तो कागद वाचायचा होता. तिने तो वाचला, घडी करून पुन्हा होता तिथे ठेवला आणि कोणालाही काही बोलली नाही. १९७९ च्या दिवाळीत, फराळाचे आटोपल्यावर ओटीवर बसून तिने हे मला सांगितले. माझ्या दोन कथा तेव्हा छापून आल्या होत्या. ती म्हणाली, "लिही हो हे. पण मी आहे तोवर लिही. आता मला वाचता येतं."

मी होय म्हटले.

त्यानंतर प्रत्येक दिवाळीत ती विचारी, "माझं झालं का रे लिहून?" मी म्हणे, "अगं आत्या, मुरतंय." ती मान हलवी. लोणचे तिलाही ठाऊक होते. पाचसहा वर्षांनी तिने विचारायचे सोडले. १९९० साली ती गेली. वडील १९९४ साली गेले. आणि १९९६ साली ती कथा मी तीन रात्रींत लिहिली.

कथा चांगली उतरली, असे लोक म्हणाले. मलाही तसे वाटते. १९७९ साली लिहिली असती तर तीत एक गरीब गाय आणि एक कसाई एवढेच असते. सतरा वर्षांत मला मुली झाल्या, घराचे कर्ज झाले, माझ्याही हातून दोनचार कागद 'घरचंच आहे' म्हणून पुढे सरकवले गेले. कागद पुढे करताना वडिलांचा आवाज कसा झाला असेल ते मला त्यामुळे कळले. मुरणे म्हणतात ते हेच असेल, तर कथा खरोखर मुरली होती.

पण वडील हयात असताना मला ती लिहायचीच नव्हती, हेही तितकेच खरे आहे. त्यांच्या घरात राहून, त्यांच्या ताटाला ताट लावून मला तो कागद चव्हाट्यावर आणायचा नव्हता. हे भय होते, आणि मी त्याला कलेचे नाव दिले होते. सतरा वर्षांत मी त्या विषयावर एक ओळ खरडली नाही, एक टिपण केले नाही, आत्याला दुसऱ्यांदा काही विचारले नाही. कागद वाचल्यावर तिने उरलेला दिवस काय केले? भाकऱ्या केल्या का? मला ठाऊक नाही. कथेत मी ते माझ्या मनाने घातले आहे, आणि वाचक नेमक्या त्याच परिच्छेदाचे कौतुक करतात.

मित्र समजूत घालतात, की चांगल्या कथेची किंमत द्यावीच लागते. असेल. पण ती किंमत मी दिली नाही, आत्याने दिली. आणि तिला न विचारता. कच्ची, वेडीवाकडी का होईना, तिला वाचायला मिळालेली कथा आणि ही सफाईदार, तिने न पाहिलेली कथा, यांत कोणती निवडावी याचे उत्तर माझ्यातला लेखक एक देतो आणि भाचा दुसरे. दोघांचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

धाकटी आत्या आता नव्वदीला टेकली आहे. सही तिनेही केली होती, आणि ती तर तेव्हाही वाचू शकत होती. तिने तो कागद वाचला होता का, हे मी तिला आजवर विचारलेले नाही. तिच्यावरच्या कथेची सात पाने गेली दोन वर्षे माझ्या वहीत आहेत. शेवट नाही, मधले एक पान तर धड जुळतही नाही. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशीच्या गाडीचे तिकीट काढले आहे. तिला कमी ऐकू येते. मोठ्याने वाचावे लागेल.